अंगणातील काँक्रीट आणि भूमीची क्षमा

घरापुढच्या अंगणात काँक्रीट घालणे हे गवंड्याचे काम आहे आणि ज्या घरात जमिनीला देवता मानतात तिथे ते धर्माचेही काम आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पाय टेकण्याआधी भूमीची क्षमा मागावी, असा संस्कार असंख्य मराठी घरांत मुलांवर होतो. नुसते पाऊल लागले म्हणून जिची क्षमा मागायची, तिला चार इंच जाडीच्या थराखाली झाकायचे असेल तर त्या क्षमेचे काय करायचे, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. भूमिपूजनाचा नारळ फुटला की तो सुटला, असे बहुतेकांना वाटते. तो तिथे सुटत नाही. अंगणाची आखणी, खणणे, माल कालवणे, पाणी मारणे या प्रत्येक टप्प्यावर तो पुन्हा समोर येतो.

दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासा, स्थानिकांच्या तोंडी सेलवास, हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार योग्य ठिकाण आहे. दमणगंगेच्या काठचे हे गाव दोन पिढ्यांत औद्योगिक शहर झाले. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 98 हजारांवर गेली होती. त्याच जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी आणि इतर. त्यामुळे शहराच्या वेशीवर आजही दोन प्रकारची अंगणे शेजारी शेजारी दिसतात. एक कारवीच्या कुडाला शेण-मातीचा गिलावा केलेल्या घरापुढचे, धुमसाने ठोकून सारवलेले. दुसरे स्लॅबच्या घरापुढचे, सिमेंटचे, मोटरसायकल उभी करण्यासाठी उतार काढलेले. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा निर्णय दरवर्षी कितीतरी कुटुंबे घेतात.

भूमीविषयीची सर्वांत प्राचीन सविस्तर प्रार्थना अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात आहे. 63 मंत्रांच्या या भूमिसूक्तात पृथ्वी आई आणि बोलणारा तिचा पुत्र, असे नाते सांगितले आहे. पण सूक्तकार भाबडा नाही. पुत्र आईला खणणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून एका मंत्रात तो दोन गोष्टी मागतो: जे खणून काढले ते लवकर भरून येवो, आणि खणताना भूमीच्या मर्मावर घाव न बसो. खणू नये, असे तो म्हणत नाही. खणणाऱ्याला मर्माची जाण असावी, एवढीच त्याची अट आहे. पुढे वास्तुशास्त्राने हाच ‘मर्म’ शब्द उचलला. जमिनीवर वास्तुपुरुष पालथा पडलेला आहे, त्याच्या एकेका अवयवावर एकेक देवता बसलेली आहे, आणि त्याच्या मर्मस्थानांवर खांब किंवा भिंत येऊ नये, असा त्या शास्त्राचा आग्रह आहे. 81 पदांच्या मंडलात मधली नऊ पदे ब्रह्म्याची. ती मोकळी ठेवायची. जुन्या वाड्यांच्या चौकाला आभाळ दिसते ते याच विचाराशी जुळणारे आहे. वास्तूच्या नावाने आज जे भय विकले जाते त्याचा इथे विचार नाही. मूळ कल्पना साधी आणि मोलाची आहे: बांधणाऱ्याने काही जागा न बांधता सोडायची असते.

वारली समाजाचा विचार ग्रंथात नाही, तो भिंतीवर आणि खळ्यावर आहे. त्यांच्या श्रद्धेत धरतरी म्हणजे भूमी आणि कणसरी म्हणजे धान्य या दोन्ही देवता आहेत. धान्य हे भूमीचे उत्पादन नसून तिच्या घरातून आलेली माणसासारखी व्यक्ती आहे, असा तिथे भाव असतो. नवे भात देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. खळे तयार करताना जमीन साफ करतात, पाणी शिंपून ठोकतात, शेणाने सारवतात, आणि मग त्यावर धान्याची रास पडते. याच सपाट केलेल्या जागेवर तारप्याच्या सुरावर फेर धरला जातो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी जगभर पोहोचवलेल्या वारली चित्रांत हा फेर पुन्हा पुन्हा येतो. गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले ते चित्र पावसाळ्यात धुपून गेले तर कुणी हळहळत नसे. पुढच्या लग्नाला नवे निघायचे. अंगणाचेही तसेच. सारवण उडाले की पुन्हा सारवायचे. टिकाऊपणा हा या संस्कृतीत गुण मानलेलाच नव्हता. पुन्हा पुन्हा करावे लागणे हाच त्या जमिनीशी असलेला संबंध होता.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमी शुद्ध करण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, वरचा थर खरवडणे आणि गायींनी तिथे वस्ती करणे. या यादीतील पाचही गोष्टी जमीन जिवंत आहे असे धरून चालतात. ती मळते, शोषते, पुन्हा स्वच्छ होते. काँक्रीटला यातल्या दोनच गोष्टी लागू पडतात, झाडणे आणि पाणी टाकणे. रांगोळी मात्र त्यावर उत्तम उमटते, हे कबूल करायला हवे.

आणखीही एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती रांगोळीपेक्षा फार मोठी आहे. शेणाच्या अंगणाची थोरवी गाणारे लिखाण बहुधा सारवणाऱ्या हातांनी केलेले नसते. पहाटे शेण गोळा करणे, कालवणे, उकिडवे बसून हाताने ओढणे, आणि हे सगळे रोजच्या पाणी-चुलीच्या वर, हे काम घरातल्या बाईनेच केले आहे. सिल्वासा परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मातीचे अंगण चिखल होते. म्हातारी माणसे घसरून पडतात, आजाऱ्याची चाकाची खुर्ची दारातून बाहेर निघत नाही, डबक्यांत डास होतात. घराचे पावित्र्य एकाच व्यक्तीच्या पाठीवर उभे राहत असेल तर त्या पावित्र्याचीच तपासणी केली पाहिजे. ज्या सुनेने वीस वर्षे अंगण सारवले तिने सिमेंट मागितले तर तिला भूमीचा द्रोह केल्याचा दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून झाकावे की झाकू नये, असा प्रश्न मांडणे चुकीचे आहे. किती झाकावे आणि कशासाठी, हा खरा प्रश्न. त्याचे सर्वांत नेमके उत्तर जैन श्रावकाचारात सापडते. जैन दर्शनात माती ही केवळ जीवांचे घर नाही. ती स्वतः पृथ्वीकाय जीवांचे शरीर आहे. गृहस्थाला खणण्यावाचून गत्यंतर नाही हे तिथेही मान्य आहे. पण अनर्थदंड, म्हणजे प्रयोजनावाचून केलेली हिंसा, हा स्वतंत्र दोष सांगितला आहे, आणि त्याच्या उदाहरणांत विनाकारण जमीन खणणे आणि विनाकारण पाणी सांडणे ही दोन्ही येतात. हा निकष अंगणाला लावला की बरेच काही स्पष्ट होते. दारापासून फाटकापर्यंतची वाट, आजीची बसायची जागा, भांडी घासायचा आणि कपडे वाळवायचा कोपरा यांना प्रयोजन आहे. शेजाऱ्याचे अंगण पूर्ण सिमेंटचे आहे म्हणून कुंपणापर्यंत ओतलेले काँक्रीट हा अनर्थदंड आहे.

हिशेब केला तर प्रमाण लक्षात येते. 10 फूट बाय 12 फूट, म्हणजे 120 चौरस फुटांचा तुकडा घेतला तर 2,000 मिलिमीटर पावसात त्यावर एका वर्षात सुमारे 22 हजार लिटर पाणी पडते. माती यातले बरेचसे पिऊन विहिरीकडे आणि झाडांच्या मुळांकडे पाठवते. काँक्रीट जवळजवळ सगळे पुढे ढकलते: गटारात, रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात. चार इंच जाडीच्या थराला 40 घनफूट काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी या प्रमाणात त्याला सिमेंटच्या सुमारे नऊ गोण्या, 17 घनफूट रेती आणि 34 घनफूट खडी पडते. सिमेंटसाठी चुनखडीचा डोंगर फोडून ती सुमारे 1,450 अंशांवर भाजलेली असते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के आहे. खडीसाठी दुसरी टेकडी, रेतीसाठी एखादी नदी. म्हणजे दारातली भूमी झाकण्यासाठी डोळ्याआडची भूमी खणली जाते, आणि तिची क्षमा कोणी मागत नाही.

आखणीला सुरुवात खुंट्या आणि दोरीने होते. ही पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक असते. खुंट्या ठोकून दोन-चार दिवस तशाच ठेवाव्यात. माणसे कुठून चालतात, दुपारचे ऊन कुठे येते, पाऊस असेल तर पाणी कुठे तुंबते, ते या दिवसांत दिसते. जे झाड आहे त्याच्या खोडाभोवती निदान तीन फुटांचे आळे मोकळे सोडावे, आणि मोठ्या आंब्यासारख्या झाडाला त्याहून बरेच अधिक. तुळशीवृंदावन थरावर न ठेवता मातीवरच बांधावे आणि त्याचा तळ बंद करू नये. मुळे भूमीपर्यंत पोहोचली तर तुळस उन्हाळ्यातही तग धरते. भूमिसूक्तातल्या मर्माला अंगणात काही अर्थ असेल तर तो हाच: मुळे, पाणी मुरण्याची जागा आणि जोत्याकडचा ओलावा.

मग खणणे. चार इंच काँक्रीट आणि खाली चार इंच ठोकलेला मुरूम किंवा दगडी सोलिंग, असे आठ इंच खणावे लागते. 120 चौरस फुटांतून 80 घनफूट माती निघते, आणि तिचा वरचा थर हा अंगणातला सर्वांत सजीव भाग असतो. तिथेच गांडुळे, बुरशी, बी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेणखत असते. ही माती ट्रॅक्टरने भरावाला पाठवणे हे या कामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज घडणारे पाप आहे. ती बाजूला काढून परसात, कुंड्यांत किंवा झाडांच्या आळ्यांत पसरावी. खाली काळी माती लागली तर ती भिजून फुगते आणि वाळून आकसते, म्हणून ती थोडी जास्त खणून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने धुमस करावे. खालची जमीन नीट बसली नाही तर वरचा थर कितीही चांगला असला तरी तडकतो.

उतार घरापासून दूर, दर पाच फुटांना एक इंच. तो ठरवताना कडिया, म्हणजे सिल्वासाकडचा गवंडी, पाण्याची पारदर्शक नळी वापरतो; नळीच्या दोन टोकांना पाणी एका पातळीत राहते, म्हणून ते साधन खोटे बोलत नाही. उताराचे पाणी कुठे जाणार, हा तांत्रिक प्रश्न दिसतो, पण तो धर्माचाच आहे. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे हा अन्याय आणि गटारात सोडणे ही उधळपट्टी. उताराच्या टोकाला दोन फूट रुंद मातीचा पट्टा सोडून त्यात केळ, कर्दळ किंवा अळू लावले तर अंगणाचे बरेच पाणी त्याच अंगणाच्या पोटात जाते.

काँक्रीट एकसंध ओतू नये. चार इंचांच्या थराला आठ-दहा फुटांच्या आत सांधा लागतो. तो दिला नाही तर काँक्रीट आपला सांधा आपणच काढते, त्यालाच तडा म्हणतात. 10 बाय 12 चे चार चौक पाडले तर प्रत्येक 5 बाय 6 चा होतो. चौकांच्या मध्ये तीन इंच माती ठेवून त्यात दूर्वा रुजू दिल्या तर भूमी पूर्ण झाकली जात नाही आणि तड्यांचा प्रश्नही मिटतो. घराच्या जोत्याला मात्र थर चिकटवू नये; मध्ये अर्ध्या इंचाची भरणपट्टी ठेवावी.

माल कालवताना पाणी जास्त घालण्याचा मोह प्रत्येक मजुराला होतो, कारण पातळ माल सहज पसरतो. एका गोणीला रेतीतल्या ओलीसकट सुमारे 25 लिटर पाणी पुरते. त्यावरचे पाणी काँक्रीटची ताकद कमी करते. घमेली वाहणाऱ्यांत अनेकदा बायका असतात, आणि ओले सिमेंट इतके दाहक असते की उघड्या हातापायांची कातडी सोलून निघते. भूमीच्या पूजेला हळद-कुंकू, नारळ, फुले यांवर खर्च होतो. त्याच दिवशी मजुरांसाठी रबरी हातमोजे आणि बूट आणले नाहीत तर त्या पूजेत मोठी उणीव राहते. ज्यांच्या आजोबांनी ही जमीन कसली, अशांचीच मुले आज या शहरात बिगारीचे काम करताना दिसतात.

थर घातल्यावर तो वाळू द्यायचा नसतो. काँक्रीट सुकून कठीण होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होते. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल राखावी लागते. दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट दुसऱ्या प्रकारचे असते. ओली पोती टाकून किंवा मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवतात. पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात. ओल राखण्याचे हे सात-दहा दिवस कोणाला तरी सकाळ-संध्याकाळ अंगणात पाणी शिंपडावेच लागते, आणि सड्याची सवय असलेल्या घरात ते कोणाला शिकवावे लागत नाही.

काम कधी करावे, याचे उत्तर पंचांग आणि ऋतू या दोघांनी दिले आहे. मुहूर्तशास्त्रात भूमी निजलेली असते असे दिवस मानले आहेत. तेव्हा खणायचे नाही. ओडिशात जूनच्या मध्यावर रज पर्वात भूमी रजस्वला मानून नांगर आणि कुदळ थांबवतात. सिल्वासासारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर खणणे तसेही मूर्खपणाचे आहे आणि एप्रिल-मेच्या उन्हात नवा थर करपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दोन्हींचा मेळ बसतो म्हणून प्राचीनांना सिमेंटचे शास्त्र माहीत होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. त्यांना एवढेच माहीत होते की भूमीवर वाटेल तेव्हा हात टाकता येत नाही, आणि तेवढे पुरेसे आहे.

राहतो मालकीचा प्रश्न. ‘माझे अंगण, मी वाटेल ते करीन’ हे वाक्य नगर हवेलीच्या इतिहासात टिकत नाही. ही जमीन मराठ्यांनी 1779 च्या तहानुसार पोर्तुगीजांना दिली आणि 1783 मध्ये त्यांनी ताबा घेतला. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, 1961 मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला, 2020 मध्ये दमण-दीवशी जोडला गेला. पोर्तुगीज काळात ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी दिलेल्या जमिनी लागवडीच्या अटीवर असत; 1971 च्या जमीन सुधारणा विनियमाने ती पद्धत संपली. कागद बदलत गेले, खालची जमीन तीच राहिली. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र जगातल्या सगळ्यावर ईश्वराचा ताबा सांगतो आणि माणसाला त्यागपूर्वक भोगाची मुभा देतो. रायगडमधल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी 1951 मध्ये पोचमपल्लीहून सुरू केलेले भूदान याच दृष्टीवर उभे होते. भूदान शेताचे होते. अंगणातही ते करता येते. 120 चौरस फुटांपैकी 40 चौरस फूट मातीच राहू दिली तर तेवढे दान भूमीलाच परत जाते.

या दानाची गरज भूमीपेक्षा घराला अधिक पडते. घरात लग्न निघाले की मुहूर्तमेढ रोवावी लागते आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव उभा करावा लागतो. कुंपणापर्यंत सिमेंट केलेल्या अंगणांत आता मेढ रेती भरलेल्या पत्र्याच्या डब्यात उभी करतात आणि ऊस वृंदावनाला सुतळीने बांधतात. मेढ रोवायला हातभर माती लागते. खुंट्या ठोकतानाच ती जागा आखून ठेवावी. काँक्रीट पडल्यावर ती काढायला हातोडा आणि छिन्नी घ्यावी लागते.